यादीत नसलेल्या वाड्या

(पावसाळ्यापूर्वीच्या कार्यकर्ता शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपत्ती व्यवस्थापन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नारंगी गणवेशातले जवान, दोर, बोटी, जेसीबी असे चित्र उभे राहते. ही सगळी मंडळी येतात ती घडायचे ते घडून गेल्यावर. आज मला त्याच्या आधीच्या काळाविषयी बोलायचे आहे. आपल्या वाड्यापाड्यांवर बाहेरची मदत उशिरानेच पोहोचते, म्हणून हा आधीचा काळ आपल्याला इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचा.

प्रथम दोन शब्द नीट समजून घेऊ. धोका आणि आपत्ती. निर्जन जंगलात कडा कोसळला तर तो निसर्गाचा एक व्यवहार झाला, त्याला कोणी आपत्ती म्हणत नाही. त्याच कड्याखाली माणसे झोपलेली असतील तर ती आपत्ती. म्हणजे धोका डोंगरात असतो, पण आपत्ती होते की नाही हे माणसे कुठे राहतात, कशा घरात राहतात, त्यांना निघून जाता येते की नाही, यावर ठरते. घराचेच उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या रुंद भिंतींखाली हजारो माणसे गेली. कारवीच्या कुडाचे हलके घर असते तर तेवढ्याच धक्क्याला माणूस बहुधा वाचला असता. पण तेच कुडाचे घर दरडीपुढे क्षणभरही टिकत नाही. घर पक्के की कच्चे एवढेच विचारून भागत नाही. कोणत्या धोक्यापुढे पक्के, हे विचारावे लागते. डहाणू-तलासरी भागात २०१८ च्या नोव्हेंबरपासून भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसत आले आहेत. तिथल्या कार्यकर्त्यांचे उत्तर वेगळे असेल आणि सह्याद्रीच्या उतारावरच्यांचे वेगळे. आज मी दरडीपुरते बोलतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाच्या कुशीतली ही ठाकर समाजाची वाडी, दोनशेहून थोडी अधिक वस्ती. २७ मृतदेह सापडले, ५७ जणांचा शोध लागलाच नाही. वर जायला गाडीरस्ता नव्हता. यंत्रे पायथ्याशी राहिली आणि जवान चिखलाची पायवाट चढून वर गेले. पावसात, हातांनी आणि फावड्यांनी माती उपसावी लागली. चौथ्या दिवशी शोधकार्य थांबवले. अशा ठिकाणी पहिल्या काही तासांत जे वाचवायचे ते वाडीतल्याच माणसांना वाचवायचे असते, हे आपण मनाशी पक्के धरले पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट. दरडप्रवण गावांची सरकारी यादी असते. इर्शाळवाडी त्या यादीत नव्हती, असे सरकारनेच नंतर सांगितले. यादी करणाऱ्यांवर मी टीका करत नाही. भूशास्त्रज्ञ पाहणी करतात ती बहुतेक रस्त्यालगत आणि आधी जिथे पडझड झाली तिथे. सह्याद्रीत उतारावर बसलेल्या वाड्या इतक्या आहेत की सगळ्यांपर्यंत माणूस पोहोचणे अवघड. पण त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट होते. यादीत नाव असले की तहसीलदारांची नोटीस येते, पावसात स्थलांतर करा म्हणून सांगितले जाते; नाव नसले की वाडीला वाटते आपण सुरक्षित. यादीत नाव नाही याचा अर्थ एवढाच की कोणी पाहिलेले नाही. काही ठिकाणी पाहिलेही असेल, पण आपण हे धरून चालू नये.

मग पाहायचे कोणी? आपणच. त्याला पदवी लागत नाही. सह्याद्रीचा खडक काळा बसाल्ट. वर्षानुवर्षांच्या ऊनपावसाने त्याचा वरचा थर कुजून मुरूम आणि माती होते, आणि ही माती खालच्या कठीण खडकावर उतरणीने नुसती टेकलेली असते. पाऊस मुरत गेला की माती जड होते, आणि खडकापाशी साठलेल्या पाण्याच्या दाबाने तिची खालची पकड सुटते. म्हणून एका दिवसाच्या पावसाइतकाच त्याच्या आधीच्या तीन-चार दिवसांचा पाऊस महत्त्वाचा. इर्शाळवाडीच्या परिसरात आधीच्या तीन दिवसांत मिळून सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाल्याचे सरकारी निवेदनात होते.

हे मोजता येते. तळ आणि तोंड सारख्याच रुंदीचे असलेले कोणतेही सरळ भांडे उघड्यावर, झाडापासून लांब ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मोजा, वहीत लिहा, भांडे रिकामे करा. हवामान खाते चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार पाऊस म्हणते, ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.४ च्या वर गेला की त्याहूनही वरचा, लाल इशाऱ्याचा. पट्टी नसेल तर बोटांनी मोजा. चार बोटे आडवी धरून भरतील इतके पाणी म्हणजे जोरदार. वितीला थोडे कमी पडेल इतके पाणी म्हणजे लाल इशाऱ्याचा पाऊस. तालुक्याच्या पर्जन्यमापकावर काय पडले आणि तुमच्या डोंगरावर काय पडले यात खूप फरक असतो. तुमच्या डोंगराचा आकडा तुमच्याच वहीत असणार.

खुणा सांगतो. वाडीच्या वर, उतारावर आडवी भेग पडलेली दिसली तर ती सर्वांत मोठी खूण. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका आणि त्यांच्यातले अंतर रोज मोजा. भेग चिकणमातीने बुजवा म्हणजे पाणी आत जाणार नाही, पण बुजवली म्हणून निर्धास्त होऊ नका. झाड किंवा विजेचा खांब कलू लागला, नवीन जागी पाणी फुटले, नेहमीचा झरा अचानक गढूळ झाला, ओढा भर पावसात एकाएकी आटला, तर वर काहीतरी हलते आहे. पाण्यातला बदल सगळ्यांत आधी कळतो तो पाणी भरणाऱ्या बायांना. म्हणून मला असे वाटते की वाडीच्या आपत्ती समितीत निम्म्या तरी बाया असाव्यात, आणि त्या सह्या करण्यापुरत्या नसाव्यात. पुस्तकांत आणखी एक खूण दिलेली असते, दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागतात. आपल्याकडे पावसात लाकूड फुगून दार तसेही घासते, आणि कुडाच्या घराला चौकटच नसते. तेव्हा त्या एका खुणेवर विसंबू नका.

तारखांकडेही जरा पाहा. महाड तालुक्यातल्या जुई आणि दासगावच्या दरडी २००५ च्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यातल्या. माळीण ३० जुलै २०१४. तळिये २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी १९ जुलै. सगळ्या जुलैच्या उत्तरार्धात. तोवर दीड महिना पाऊस मुरलेला असतो. आणि हाच लावणीचा काळ. दिवसभर चिखलात वाकलेली माणसे रात्री मेल्यासारखी झोपतात. या पंधरवड्यात रात्री कोणीतरी जागे असावे, पाळीपाळीने. ऑगस्ट मोकळा आहे असा याचा अर्थ नाही.

माळीणविषयी एक बोलले पाहिजे. आंबेगाव तालुक्यातल्या महादेव कोळ्यांच्या त्या गावात सुमारे १५० माणसे गेली. गाव दिसत नाही हे आधी कळले ते एसटीच्या चालकाला. नंतर वाद झाला तो पडकईचा, म्हणजे उतारावर खाचरे पाडण्याच्या कामाचा. यंत्रे लावून डोंगर कापला म्हणून हे झाले असे काहींचे म्हणणे, तर उतार आणि अतोनात पाऊस हेच कारण असे दुसऱ्यांचे. मी त्यात निवाडा देणार नाही. मात्र त्या चर्चेत एक सूर असा होता की आदिवाश्यांनीच डोंगराची वाट लावली. उतारावर खाचर पाडतो तो हौसेने पाडत नाही. सपाट जमीन दुसऱ्यांकडे गेलेली असते, कुठे धरणाखाली गेलेली असते. कातकरी बांधवांची तर स्थिती अशी की घराखालची जागासुद्धा पुष्कळदा त्यांच्या नावावर नसते. जागा नावावर नाही म्हणून घरकुल नाही, घरकुल नाही म्हणून ओढ्याकाठी, उतारावर झोपडी. हे कागद मिळवून देणे, वनहक्काचा दावा तडीस नेणे, हेही मी आपत्तीची पूर्वतयारीच समजतो.

आता अवघड भाग. खुणा कळल्या, पाऊस मोजला, तरी घर सोडून खाली उतरायचे हे ठरवणार कोण? बहुतेक वेळा असे होईल की तुम्ही रात्रभर खाली थांबाल आणि काहीच घडणार नाही. पोरे भिजतील, एखादी शेळी हरवेल. सकाळी लोक हसतील, आणि पुढच्या वेळी म्हणतील, मागेही असेच सांगितले होते. याला माझ्याकडे एकच उपाय आहे. निर्णय पावसात घ्यायचा नाही, आत्ता मे महिन्यात घ्यायचा. वाडीची बैठक बसवून ठरवा: भांड्यात इतके पाणी दिसले, किंवा अमुक खूण दिसली, की कोणालाही न विचारता निघायचे. मग कोणा एकावर बोल येत नाही. गुरे मात्र दाव्याला बांधून ठेवू नका, जाताना सोडून द्या. गुरांसाठी मागे राहणारा म्हातारा हा प्रत्येक वाडीत असतो; त्याची समजूत आत्ताच काढा, त्या रात्री तो ऐकणार नाही.

कातकरी वाड्यांत ही बैठक घ्यायला अडचण येते, कारण दिवाळीनंतर गेलेली कुटुंबे वीटभट्टीवरून परततात ती पावसाच्या तोंडावर. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आराखडा मंजूर होतो तेव्हा ज्यांच्यासाठी तो आहे तेच तिथे नसतात. तेव्हा त्यांच्यासाठी जूनच्या पहिल्या आठवड्यात बैठक पुन्हा घ्या. कंटाळा करू नका.

प्रत्येक वाडीतली घरवार माणसांची यादी खालच्या गावात एकाकडे ठेवा. आश्रमशाळेत कोण आहे, कामाला बाहेर कोण गेले, बाळंतपणासाठी माहेरी कोण आली, हे दर रविवारी सुधारा. मातीखाली किती जण आहेत हेच माहीत नसले की शोधणाऱ्यांचे तास वाया जातात. मोबाइलला रेंज कुठल्या दगडावर मिळते ती जागा पोरांना ठाऊक असते, मोठ्यांनाही दाखवून ठेवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि काहीच आठवले नाही तर ११२.

रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला, वनहक्काचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराशी टांगा. उतरून जायचे कुठे, तेही पाहून ठेवा. बहुतेक ठिकाणी शाळाच असते; पण ती शाळा स्वतः ओढ्याच्या तोंडाशी किंवा कापलेल्या उताराखाली नाही ना, हे आधी बघा. आणि शाळेची चावी गुरुजींबरोबर तालुक्याला जाते. या महिन्यातच मुख्याध्यापकांना भेटून दुसरी चावी करून घ्या, आणि ती शाळेजवळच्या कोणत्या घरी ठेवली आहे ते वाडीतल्या प्रत्येकाला सांगा.