सल्ला तोंडी, शिक्षा लेखी



नगरनियोजन हा तज्ज्ञांचा प्रांत आहे, सामान्य माणसाने त्यात पडू नये, असा समज शहरातील सत्ताधारी वर्गाने पद्धतशीरपणे रुजविला आहे. परंतु ज्याच्या डोक्यावरचा पत्रा पावसाळ्यात गळतो, ज्याला वाढत्या कुटुंबासाठी पोटमाळा हवा असतो, त्या श्रमिकाचा नगरनियोजनाशी रोजचाच संबंध येतो. पवईतील अशा माणसाने विचारायचे कोठे? ‘एस’ वॉर्डाचे कार्यालय भांडुपला, पूर्व उपनगरांचे इमारत प्रस्ताव खाते विक्रोळीला. जमीन सरकारी असेल तर जिल्हाधिकारी निराळे. प्रत्येक खिडकीवर काही ना काही उत्तर मिळते. ‘चालेल’, ‘चालणार नाही’, ‘वास्तुविशारदामार्फत या’. यांतले एकही उत्तर कागदावर नसते. त्यावर विसंबून तो बांधतो आणि मग नोटीस येते. तिच्यावर मात्र सही, शिक्का आणि कलम सारे काही असते. सल्ला तोंडी आणि शिक्षा लेखी, असा हा न्याय आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 सालचा. त्याच्या कलम 44 अन्वये विकास परवानगीसाठी अर्ज करता येतो. कलम 45 अन्वये परवानगी नाकारताना किंवा अटी घालताना कारणे द्यावी लागतात आणि 60 दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी दिली असे मानले जाते. निर्णय मान्य नसेल तर कलम 47 अन्वये 40 दिवसांत राज्य शासनाकडे अपील आहे. कागदावर ही व्यवस्था वाईट म्हणता येणार नाही. पण हे सारे हक्क अर्ज दाखल झाल्यावर सुरू होतात. खिडकीवरूनच परत पाठविलेल्या माणसाचा अर्ज नाही. अर्ज नाही म्हणून आदेश नाही, आदेश नाही म्हणून कारणे नाहीत आणि कारणे नाहीत म्हणून अपीलही नाही. तोंडी सल्ल्याचे खरे सामर्थ्य यात आहे. कायद्याचा एकही शब्द न मोडता तो कायद्याचे दार बंद करतो.

दुसरी उणीव शेजाऱ्यांची आहे. शेजारी मनोरा उठणार असेल तर वस्तीला त्या अर्जाची सूचना देऊन तिचे म्हणणे ऐकण्याची तरतूद या कलमांत नाही. अपीलही अर्जदारालाच. जनतेला हरकती नोंदविता येतात त्या विकास आराखड्यावर. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या आराखड्याचा मसुदा 2015 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा हजारो हरकतींपुढे शासनाला तो मागे घेऊन नव्याने करवून घ्यावा लागला. लोकांना कळले तर लोक बोलतात, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

ज्याच्यासाठी खिडकीच नसते, दिवाणखाना असतो, त्याला मिळणारी वागणूक पवईनेच पाहिली आहे. नोव्हेंबर 1986 मध्ये राज्य शासन, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि जमीनधारकांचा पक्ष यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. पवई परिसरातील 200 एकरांहून अधिक जमीन हेक्टरी 1 रुपया दराने 80 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर देण्यात आली. निम्मी घरे 40 चौरस मीटरची, निम्मी 80 चौरस मीटरची आणि काही हिस्सा शासनाला ठरावीक स्वस्त दराने, अशा अटी होत्या. उभी राहिली ती श्रीमंतांची नगरी. मेधा पाटकर यांच्यासह याचिकाकर्ते उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कोठे फेब्रुवारी 2012 मध्ये, आधी ही लहान घरे बांधा, असा आदेश निघाला. करार आणि आदेश यांच्यात 25 वर्षे गेली. इतकी वर्षे नकाशे मंजूर होतच होते.

उलट जयभीमनगरच्या झोपड्यांवर 6 जून 2024 रोजी, पावसाळ्यात पाडकाम न करण्याचे शासनाचेच धोरण असताना, बुलडोझर चालला. त्या कारवाईच्या चौकशीसाठी उच्च न्यायालयाला विशेष तपास पथकाचा आदेश द्यावा लागला. महापालिकेने स्वतः तरी नियम नीट वाचावेत ना? पवई तलावाभोवतीचा तिचा सायकल मार्ग उच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये बेकायदा ठरविला आणि जागा पूर्ववत करण्यास सांगितले. जी संस्था स्वतःच्या कामाबाबत चुकते, तिचा तोंडी सल्ला गरिबाने ब्रह्मवाक्य का मानावा?

लेखी सल्ला दिला तर लोक त्यालाच परवानगी समजतील, असा आक्षेप अधिकारी घेतात. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण सल्ला म्हणजे परवानगी नव्हे, एवढे त्या कागदावरच लिहिता येते. ब्रिटनमध्ये स्थानिक परिषदा अर्जापूर्वी लेखी सल्ला देतात. तो बंधनकारक नसतो. परंतु परिषदेच्या गलथानपणाने नुकसान झाले तर 1974 च्या कायद्याने निर्माण केलेल्या लोकपालाकडे तक्रार करता येते. महाराष्ट्राने लोकायुक्ताचा कायदा त्याआधी, 1971 सालीच केला. संस्था आहे, तिच्यापुढे ठेवायला लेखी पुरावा मात्र नागरिकाच्या हाती नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक चौकशीला तारीख, अधिकाऱ्याचे नाव आणि नियमाचे कलम नमूद केलेले मराठी उत्तर मिळावे. मोठ्या बांधकामाच्या अर्जाची सूचना जागेवर लागावी व वस्तीची सुनावणी व्हावी. तक्रार ज्या अधिकाऱ्याविरुद्ध, त्याच्याकडेच ती निकालासाठी जाऊ नये. मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षे मुंबईत नगरसेवक नव्हते, प्रशासकाचे राज्य होते. त्या काळात तर हा कागद हाच नागरिकाचा एकमेव प्रतिनिधी ठरला असता.

शेवटी एक कटू गोष्ट. ‘साहेबांना सांगून करून देतो’ म्हणणारा कार्यकर्ता हाही याच तोंडी व्यवस्थेचा भाग असतो. त्याने एका घराचे काम होते, पण वस्ती कायमची मिंधी राहते. कार्यकर्त्याचे काम ओळख वापरण्याचे नाही. अर्ज लिहून देणे, पोच घेणे, 60 दिवस मोजणे, माहितीच्या अधिकारात फाईल मागणे आणि हे सारे वस्तीतील दहा जणांना शिकविणे, हे त्याचे काम आहे. ज्या दिवशी पवईतील घरकामगार बाई खिडकीवर ठामपणे म्हणेल, ‘साहेब, हे लिहून द्या’, त्या दिवशी नगरनियोजनात लोकशाहीचा प्रवेश झाला असे समजावे.