पडद्यावरचे ९९

आजपासून नावाआधी डॉक्टर लिहिणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी भूलतज्ज्ञ आहे. तुमच्यापैकी थोडेच भूलशास्त्राकडे वळतील. पण अहिल्यानगर जिल्ह्यात राहिलात, तर एक बाई तुमच्या वाट्याला येणारच, म्हणून आज तिच्याविषयीच बोलतो. दिवस भरलेत, कळा येताहेत, सिझर ठरलंय आणि हिमोग्लोबिन साडेसहा. टेबलावर घेऊन बोटाला ऑक्सिमीटर लावला की पडद्यावर ९९ उमटतात. सगळ्यांना हायसं वाटतं.

त्या ९९ वर विसंबू नका. आहे तेवढं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलंय, एवढंच ते यंत्र सांगतं; मुळात आहे किती, ते त्याला कळत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलीटर ऑक्सिजन वाहतं. बारा ग्रॅमवालीच्या १०० मिलिलीटर रक्तात सोळा मिलिलीटर, हिच्या रक्तात जेमतेम नऊ. उसाच्या गाड्या काठोकाठ भरल्यात, पण गाड्याच निम्म्या आहेत. ओठही निळे पडणार नाहीत, कारण निळेपणा दिसायलासुद्धा पुरेसं हिमोग्लोबिन लागतं. पापणी खाली ओढून बघा. जीभ बघा, तळहात बघा.

ही तूट तिचं हृदय जास्त धावून भरून काढत असतं. स्पायनल दिल्यावर रक्तदाब घसरला, की आपला हात सलाईनकडे जातो, आणि घात होतो तो इथेच. बाळ बाहेर आलं, गर्भाशय आवळलं, की त्यातलं अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त अंगात परततं. थकलेल्या हृदयाला ते पेलत नाही, फुप्फुसात पाणी भरतं. आणि गर्भाशय आवळलंच नाही, तर एरवी धडधाकट बाई सोसते तेवढा रक्तस्राव हिच्या जिवावर बेततो. म्हणून सलाईन मोजून द्या, फेनिलेफ्रिन भरून ठेवा, ऑक्सिटोसिन सावकाश सोडा आणि जुळवलेलं रक्त चिरा देण्याआधी दारात असू द्या. रक्तस्राव सुरू झालाच, तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड तीन तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. २०१७ च्या ‘वूमन’ चाचणीने ते दाखवून दिलंय.

हे सगळं मी शिकलो, शिकवलं. तरी दरवेळी वाटतं, आपण फार उशिरा भेटलो हिला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या शंभर गरोदर बायांमागे पंचेचाळीसहून जास्त जणींचं रक्त कमी निघालं. आपल्याकडे त्यात ऊसतोडीची भर. पाथर्डी-जामखेडकडची बाई पोटुशी असताना कोयता घेऊन फडावर जाते. तिचं कार्ड गावी, तिची आशाताई गावी, लोहाच्या गोळ्याही गावीच. जिथे कळा येतात तिथे तिला कुणी ओळखत नाही. या बाईला आपण बेफिकीर म्हणतो, ते मला सहन होत नाही.

याच जामखेडात १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. गावातल्या बायांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर, त्यांनी गरोदर बाई तपासायला शिकवलं. या बायांनी घरोघरी जाऊन जे राखलं, ते आमच्या ऑपरेशन थिएटरला कधीच राखता आलं नसतं.

लोहाच्या गोळीने रक्त वाढायला आठवडे लागतात. चहाबरोबर घेतली तर तीही नीट लागू पडत नाही. हे बाईला सांगा, सासूलाही सांगा. गोळी सोसत नसेल किंवा दिवस थोडे उरले असतील, तर शिरेतून लोह देता येतं, पण त्यालाही काही आठवडे द्यावेच लागतात. आदल्या रात्री घाईने चढवलेलं रक्त म्हणजे त्याच थकलेल्या हृदयावर आणखी ओझं.

तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालात आणि सातव्या महिन्यातल्या कुणाचं हिमोग्लोबिन आठ दिसलं, तर तेव्हाच तालुक्याच्या भूलतज्ज्ञाला फोन करा. रात्री दोनला ज्या घाईने करता, त्याच घाईने, पण दोन महिने आधी. आम्ही उचलू.