हजेरीपट उघडा!



वस्तीतला नळ, गावचा रस्ता, थकलेली मजुरी, अशा तक्रारी आपण नेहमीच करतो. अर्ज देतो, पोच घेतो आणि वाट पाहतो. पण तक्रारीतून कायदा कसा घडवायचा, हे राजस्थानच्या मजुरांनी दाखवून दिले.

तिथे दुष्काळी कामांवर किमान मजुरीही पुरती मिळत नसे. विचारले तर उत्तर ठरलेले : काम कमी भरले, तशी नोंद आहे. ती नोंद मात्र कोणी दाखवत नसे. १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने नेमके हेच वर्म ओळखले. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावी पहिली जनसुनवाई झाली. सरकारी नोंदी गावकऱ्यांसमोर वाचल्या गेल्या आणि खोटी मस्टरे उघडी पडली. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे धरले. मागणी साधी होती : नोंदींच्या नकला द्या. त्यातूनच २००० साली राजस्थानात आणि २००५ साली देशभर माहितीच्या अधिकाराचा कायदा आला.

‘माझी मजुरी द्या’ एवढ्यावरच ते थांबले असते तर चार जणांचे भागले असते, पण हजेरीपट बंदच राहिला असता.

म्हणून शाखांना माझे सांगणे आहे : यापुढे अर्जात नुकसान काय झाले ते लिहाच, पण कोणता नियम बदलायला हवा तेही लिहा. पुराव्याचे कागद जोडा. आणि तो अर्ज साहेबाच्या टेबलावर ठेवण्याआधी चार लोकांत मोठ्याने वाचा.