सातबारावरचे अरण्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या सत्रासाठी संयोजकांनी मला ‘नियोजन आणि निसर्ग’ असा भारदस्त विषय दिला होता. त्यावर पस्तीस वर्षे वर्गात बोलून मी निवृत्त झालो, आणि तीच टिपणे आपल्यासमोर पुन्हा वाचली असती तर आपण सौजन्याने ऐकूनही घेतली असती. परंतु गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही चौदा जणांनी आंबोलीपासून दोडामार्ग तालुक्यापर्यंत चार दिवस पायी प्रवास केला. रात्री कधी तंबूत, कधी देवळाच्या सभामंडपात, एकदा प्राथमिक शाळेच्या पडवीत काढल्या. त्या प्रवासाने माझी टिपणे बरीचशी निकामी केली आहेत. तेव्हा विषय तोच ठेवतो, पण वाट जंगलातून काढतो.

वर्षावन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ॲमेझॉन येते, फार तर केरळातील सायलेंट व्हॅली येते. ती मागणी आपण सभांतून केलेली आहे. ठराव केलेले आहेत. आपल्याच राज्याच्या दक्षिण टोकाला, सावंतवाडी आणि दोडामार्ग या दोन तालुक्यांत, सदाहरित वर्षावनाचा एक पट्टा अजून उभा आहे याची मात्र आपल्यापैकी किती जणांना कल्पना आहे? आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हे पाणी घाटमाथ्यावरचे अरण्य झेलते, धरते, आणि उन्हाळ्यापर्यंत थोडेथोडे खाली सोडते. तळकट, कोलझर, झोळंबे या गावांतल्या पोफळीच्या बागा त्यावर उभ्या आहेत. बागेत पाटाने खेळणारे पाणी कुठून येते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ते सापडत नाही.

आमच्या तुकडीत सहा महाविद्यालयीन विद्यार्थी, दोन शिक्षिका, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि उरलेले आपल्यासारखे सभांतले लोक होते. वाट दाखवायला चौकुळचे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे ‘काका’ म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो, वयाने ते माझ्याहून लहान असूनही. पहिल्याच दिवशी जळवांनी आमची परीक्षा घेतली. मोज्यांत तंबाखूची पूड भरण्याचा काकांचा उपाय पोस्टमास्तरांनी मानला नाही, आणि संध्याकाळी त्यांचे दोन्ही पाय रक्ताने माखलेले होते.

त्या रात्रीचे एक दृश्य सांगतो. तंबूतले कंदील मालवल्यावर काकांनी आम्हाला पन्नास पावले आत नेले. डोळे अंधाराला सरावले तशी जमिनीवरची कुजलेली काटकी, पाचोळा, एका पडलेल्या खोडाची अख्खी बाजू मंद हिरवट प्रकाशाने उजळलेली दिसू लागली. लाकूड कुजवणारी ती बुरशी आहे. तिच्यामुळे मेलेले झाड पुन्हा माती होते आणि त्या मातीवर पुढचे झाड उगवते. वर्षावनाची माती ही अशी हातावरच्या पोटाची असते. तिचे भांडवल जमिनीत खोल पुरलेले नसते, ते झाडांत आणि पाचोळ्यात सतत फिरते असते. झाडोरा काढून नेला आणि उघड्या उतारावर दोनचार पावसाळे कोसळले, की खाली जांभा दगड उरतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जांभा आम्ही पाहिला. एका वळणावर अरण्य एकाएकी संपले आणि समोर संपूर्ण डोंगरउतार बोडका होता. बुंधे ताजे होते, एकाचा चीक अजून वाहत होता. यंत्राने पायऱ्या कोरून त्यांवर रबराची रोपे ओळीने लावलेली होती. आमच्यातला एक विद्यार्थी भाबडेपणाने म्हणाला, “सर, पण रबर हेही झाडच ना?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण कागदोपत्री पुष्कळदा तसेच धरले जाते. मी त्याला एवढेच म्हटले की दोन्हीकडच्या जमिनीवर हात ठेवून बघ. त्याने ठेवला. अरण्यातली माती गार आणि भुसभुशीत होती, पायऱ्यांवरची तापलेली आणि घट्ट.

आता मी माझ्या शास्त्राकडे येतो. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब आपण कसा मांडतो? डोंगर तोडला, लाकूड विकले, उत्पन्न वाढले. यंत्राचे भाडे दिले, उत्पन्न वाढले. रोपे विकली, पुन्हा वाढले. खालच्या बागेतला पाट आटला आणि बागायतदाराने कर्ज काढून कूपनलिका खोदली, की चौथ्यांदा वाढले! आटलेल्या झऱ्याची नोंद करायला मात्र या हिशेबात रकानाच नाही. हे मी वर्षानुवर्षे शिकवले, परीक्षेत त्यावर प्रश्न घातले, आणि त्यातली विसंगती एका तासात उरकून पुढच्या प्रकरणाकडे गेलो.

आणि रबराचा तरी भरवसा काय? २०११ मध्ये त्याचा भाव किलोला दोनशे रुपयांच्या वर होता. २०१६ च्या आरंभी तो शंभराच्या खाली उतरला. दूरच्या बाजारातल्या या चढउतारावर ज्याने जमीन लावली त्याचे काय व्हायचे ते होवो, डोंगरावरचे जंगल भाव पडला म्हणून परत येत नाही.

परंतु केवळ बाहेरच्या खरेदीदाराला शिव्या देऊन आपली सुटका नाही. जमीन विकली कोणी आणि का, हा आपला प्रश्न आहे. त्या संध्याकाळी देवळात गावची मंडळी जमली. मी, सवयीने, जंगलाचे महत्त्व सांगू लागलो. मागच्या खांबाला टेकून बसलेले एक वृद्ध शांतपणे म्हणाले, “सर, झाडां बघून चेडवाचा लगीन होणा नाय.” सभेत हशा झाला. मीही हसलो, पण पुढचे वाक्य मला सुचले नाही.

ते गृहस्थ मुंबईत गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप झाला तेव्हा मी नुकताच एम. ए. होऊन परळ-लालबागच्या चाळींतून संपकऱ्यांच्या घरी धान्य पोचवीत हिंडत होतो. अडीच लाख कामगारांचा तो संप. त्यांतले किती तरी या दोन तालुक्यांतले. गावाची अर्थव्यवस्था तेव्हा मनीऑर्डरीवर चालत असे; डोंगर चरणीपुरता, सरपणापुरता आणि रातांब्यापुरता वापरला जाई. गिरण्या बंद पडल्या, मनीऑर्डर थांबली, आणि विकण्याजोगे उरले ते सातबारावरचे नाव. गिरणगावच्या जमिनीचे काय झाले यावर आपण पुस्तके लिहिली. त्याच कुटुंबांची दुसरी जमीन, गावाकडची, त्याच पराभवाच्या ओघात हातची गेली, हे सूत्र आपल्याकडून सुटले असे माझे मत झाले आहे.

विक्रीची रीतही समजून घेण्यासारखी आहे. डोंगर सामाईक. सातबारावर चाळीस-पन्नास नावे, त्यांतली निम्मी मुंबईत, काही केव्हाच वारलेली. दलाल मुंबईत जाऊन एकेकाचे कुलमुखत्यारपत्र गोळा करतो. ज्याने वीस वर्षे गाव पाहिलेले नाही त्याला अनपेक्षित रक्कम मिळते, म्हणून तो सही देतो. गावात राहून त्या डोंगराचे पाणी पिणाऱ्याला बातमी कळते ती यंत्र घाट चढू लागल्यावर.

याच्या उलट प्रकार आंबोली, चौकुळ आणि गेळे येथे. तिथे कबुलायतदार गावकर पद्धतीने, सावंतवाडी संस्थानच्या काळापासून, जमीन गावाने एकत्रितपणे धरलेली होती. पुढे सातबारावर शासनाचे नाव लागले. काका म्हणाले, “आमच्या पणज्याने राखलेल्या रानात आम्ही आता कागदावर पाहुणे आहोत.” पीककर्ज नाही, योजना नाही; नावासाठी वर्षानुवर्षे अर्ज आणि उपोषणे. म्हणजे एका गावात नाव आहे म्हणून जंगल विकले जाते, आणि शेजारच्या गावात नाव नाही म्हणून राखणाऱ्याचा धीर सुटतो. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा आपण पेढे वाटले, आणि ते योग्यच होते. गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या गावाने त्यातून सामूहिक हक्क मिळवून दाखवला. पण तो कायदा वनजमिनीवर चालतो. सिंधुदुर्गातले पुष्कळसे अरण्य खासगी सातबारावर उभे आहे, आणि आदिवासी नसलेल्या वननिवाशाला तीन पिढ्यांचा, पंचाहत्तर वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. आपली घोषणा इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. निराळी व्यवस्था आपल्यालाच रचावी लागेल, आणि ती रचण्याचे काम आपण सुरूही केलेले नाही.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी हा विषय बदलला तिच्याकडे येतो. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ गटाने २०११ च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. सरकारने तो दडवला. माहितीच्या अधिकाराखालील लढ्यानंतर २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. त्याच वर्षी याच पट्ट्यातल्या एका गावी अहवालाच्या विरोधात सभा झाली. वक्ता म्हणून मी होतो. शेतकऱ्याला फांदीही तोडू देणार नाहीत, घर बांधू देणार नाहीत, असे मी ठणकावून सांगितले. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसून सर्वांत जोरात टाळ्या वाजवणाऱ्यांत गावाबाहेरची, स्वच्छ कपड्यांतली चारपाच माणसे होती. ती कोण, हे विचारण्याचे मला सुचले नाही. आणि साथींनो, मी तो अहवाल वाचलेला नव्हता. वर्तमानपत्रातला अर्धा रकाना वाचून मी बोलत होतो.

पुढे वाचला, तेव्हा दिसले ते असे. अतिसंवेदनशील क्षेत्राच्या सीमा ग्रामसभांशी चर्चा करून ठरवाव्यात असे त्यात म्हटले होते. सर्वांत संवेदनशील पट्ट्यात नव्या खाणींना परवाने नकोत, सार्वजनिक जमीन खासगी होऊ नये, शेतजमिनीचे बिगरशेतीत रूपांतर होऊ नये. गावातल्या वाढत्या वस्तीच्या घरांना मात्र मुभा असावी. शेवटच्या दोन अटी कोणाला जाचणार होत्या? शेतकऱ्याला, की जमिनीच्या व्यापाऱ्याला? आपल्या मांडणीशी इतका जुळणारा सरकारी अहवाल क्वचित येतो, आणि मी त्याच्या विरोधात उभा राहून टाळ्या घेतल्या होत्या.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये संरक्षित करावयाचे क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणले. मसुद्यावर मसुदे निघत राहिले. २०१४ पासूनचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला, वायनाडमध्ये डोंगर कोसळून शेकडो माणसे गाडली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. दोडामार्गात कळणे येथे लोहखनिजाच्या खाणीला गावाने विरोध केला होता. २०२१ च्या जुलैत त्या खाणीचा बांध फुटून चिखल घरांत आणि शेतांत शिरला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई केली, आणि २०२४ च्या मार्चमध्ये तिथली २५ गावे संवेदनशील म्हणून घोषित करण्याचा आदेश केंद्राला दिला. मनाईनंतरही बुंध्याचा चीक ओला असतो, हे आम्ही पाहून आलो. न्यायालयाचा आदेश डोंगराच्या रखवालीला येत नाही. रखवालीला गावच लागते.

सायलेंट व्हॅलीचा उल्लेख मघाशी केला. तिथे १२० मेगावॉट विजेच्या प्रकल्पाच्या बाजूने जवळजवळ सगळे पक्ष होते, डावेही. अशा वेळी केरळ शास्त्र साहित्य परिषदेने १९७९ मध्ये प्रकल्पाचे तांत्रिक आणि आर्थिक मूल्यमापन करून ते लोकांपुढे ठेवले. ‘माकड महत्त्वाचे की माणूस’ या कुत्सित प्रश्नाला त्यांनी आकड्यांनी उत्तर दिले. १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. आपल्या बाजूच्याच लोकांशी भांडण्याची ती हिंमत होती, आणि तिच्यामागे मूल्यमापनाची मेहनत होती. माझ्याजवळ २०१२ साली दोन्ही नव्हत्या.

चौथ्या दिवशी आम्ही हेवाळे-बांबर्डे येथे पोचलो. तिथे रानजायफळाची एक दलदल आहे. पाण्यातून गुडघ्यासारखी मुळे वर आलेली, खोडांना टेकूसारखी मुळे फुटलेली. अतिप्राचीन वंशाची ही झाडे महाराष्ट्रात अशी दलदलीत क्वचितच आढळतात. जागा अडीच हेक्टरांच्या आसपास, एखाद्या साखर कारखान्याच्या आवाराएवढीही नसेल. अलीकडे शासनाने तिला जैविक वारसा स्थळ म्हणून मान्यता दिली, पण इतकी वर्षे ती टिकली ती देवराई म्हणून. वरून धनेश उडाला. त्याच्या पंखांचा आवाज आधी आला, पक्षी नंतर दिसला. एका विद्यार्थिनीने पडलेले एक फळ उचलले, तेव्हा बरोबरच्या बाईंनी तिच्या हातातून ते हळूच घेऊन परत जिथल्या तिथे ठेवले. मी देव मानत नाही. पण त्या गावाने जे मानले त्यामुळे हे अडीच हेक्टर वाचले, आणि मी जे मानतो त्याने अजून एक गुंठाही वाचलेला नाही. ही बोच मला परतीच्या एस. टी.त झोपू देईना.

चेडवाच्या लग्नाचा प्रश्न मात्र देवराईने सुटत नाही. डोंगर न विकणाऱ्या कुटुंबाला वर्षाकाठी रक्कम मिळावी, ती पाणी वापरणाऱ्या शहरांनी आणि धरणांनी द्यावी, सामाईक जमिनीची विक्री ग्रामसभेच्या संमतीशिवाय होऊ नये, कबुलायतदारांची जमीन गावाच्या नावाने सामूहिकरीत्या नोंदवावी, अशी एक कच्ची मांडणी आम्ही तिथेच बसून केली. पोस्टमास्तरांनी ती सुवाच्य अक्षरात उतरवली आहे. तिच्यात अनेक भोके आहेत. रक्कम किती, कोणत्या निधीतून, मुंबईतल्या हिस्सेदाराचे काय, हे अनुत्तरित आहे. अर्थशास्त्र शिकलेल्या तरुण साथींनी ती भोके मला दाखवावीत.

पुढच्या महिन्यात, मी २०१२ साली बोललो त्याच गावी, सभा ठेवली आहे. अहवालाची प्रत बरोबर नेणार आहे आणि आधी माझे मागचे भाषण परत घेणार आहे. त्या वेळी टाळ्या वाजवणारे कोणी असतील तर त्यांना या वेळी नावगाव विचारीन. ज्यांना यायचे असेल त्यांनी पोस्टमास्तरांकडे नाव द्यावे. आणि मोज्यांत तंबाखू भरायला काचकूच करू नये.