सीतेचा वाटा

(मंडळाच्या महिला शाखेच्या सभेत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



 आजचा विषय समारंभाला शोभणारा नाही, परंतु आपल्या प्रत्येकाच्या गावाशी तो बांधलेला आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचे गाव आहे. तेथे एकट्या सीतेचे मंदिर आहे. रामाने त्याग केल्यावर सीतेने या गावात लेकरांसाठी पसाभर गहू मागितले आणि गावाने ते नाकारले, अशी आख्यायिका लोक सांगतात. जी भूमिकन्या, तिलाच मूठभर धान्यासाठी पदर पसरावा लागला!

या मंदिराचा जीर्णोद्धार शेतकरी संघटनेचे नेते कै. शरद जोशी यांच्या पुढाकाराने झाला. १९८६ साली चांदवडला त्यांच्या संघटनेचे शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरले होते. पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची चळवळ निघाली. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या पत्नीच्या नावे जमीन करून देतील, ते गाव लक्ष्मीमुक्त ठरे. तिच्याच जोडीला 'सीताशेती'चा विचार आला. शेताचा एक तुकडा घरच्या बाईच्या हाती असावा आणि विकतच्या खताबियाण्याविना तिने त्यातून घरापुरते पिकवावे, हे त्याचे सार.

हाच विचार मराठवाड्यात वेगळ्या वाटेने फळाला आला. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही संस्था तेथील स्त्रियांबरोबर काम करू लागली. पुढे दुष्काळांच्या वर्षांत तिने स्त्रियांना सांगितले, घरातून एक एकर, निदान अर्धा एकर मागून घ्या. त्यात ज्वारी, तूर, मूग, उडीद आणि भाज्या एकत्र लावा. आधी घर भागवा, उरेल ते विका. एक पीक पावसाने बुडविले, तरी दुसरे हात देते. या कार्यास २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे 'इक्वेटर पारितोषिक' लाभले. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी तर शाळेची पायरी न चढता गावरान बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना 'पद्मश्री' जाहीर झाली.

आता थोडे घरचे सांगते. माझे माहेर लातूर जिल्ह्यातले. काही वर्षांपूर्वी दिवाळीला गेले, तेव्हा बांधापासून बांधापर्यंत सोयाबीनच होते आणि वहिनी मात्र दुकानातून तुरीची डाळ आणीत होत्या. मी म्हटले, "वहिनी, घरची तूर कुठे गेली?" त्या म्हणाल्या, "वन्सं, काय पेरायचं ते मला कोण विचारतं? मी खुरपायची धनी."

त्या रात्री मला झोप लागली नाही. भाऊ नोकरीनिमित्त पुण्यात. शेत राखतात त्या वहिनी. सातबाऱ्यावर नाव एकट्या भावाचे. आणि माझे नाव? रीत म्हणून हक्कसोडपत्रावर सही करून मीच ते काढून टाकले होते. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली व देशाने २००५ साली दिला. तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीखातेदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्केच आढळल्या.

मी भावाला पत्र लिहिले. त्याने वर्षभर उत्तर दिले नाही. मग विहिरीजवळचा अर्धा एकर वहिनींच्या हाती आला. कागदावर अजून नाही. गेल्या संक्रांतीला त्यांनी मला डबाभर तूर व अंबाडीचे बी धाडले. चिठ्ठीत एवढेच होते : "माझ्या वावरातली."

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेकांचे सातबारे गावी आहेत आणि ती जमीन कोणी भावजय, कोणी काकू कसते आहे. सुटीत गावी जाल, तेव्हा तिला एक प्रश्न विचारा : यंदा काय पेरायचे, हे कोण ठरविते? आणि तिचे नाव कागदावर चढविण्यासाठी घरात शब्द टाका. पसाभर गहू नाकारणाऱ्या गावात आपली गणना होऊ नये.