ठासणीच्या बंदुकीची गोळी

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १९७४ साली चकमकीच्या बंदुकीने हरणाची शिकार करण्यासाठी वेगळा हंगाम सुरू झाला. अशा बंदुकीचे शौकीन पुष्कळदा आपल्या गोळ्या घरीच ओततात. आणि मग पहिला प्रश्न उभा राहतो तो साच्याचा. हा साचा शिकाऱ्याच्या आवडीवर ठरत नाही. नळीच्या आत कोरलेले पिळदार आटे तो ठरवितात.

आट्याचा एक वळसा साठ-सहासष्ट इंचांत पुरा होत असेल, तर ती नळी वाटोळ्या गोळीसाठी घडविलेली समजावी. तोच अठ्ठावीस इंचांत पुरा होत असेल, तर लांबट गोळी हवी. कारण लांबट गोळी सरळ जावयाची तर ती अधिक वेगाने फिरावी लागते. वाटोळी गोळी नळीहून किंचित लहान असावी. अर्ध्या इंचाच्या नळीत बहुधा ०.४९० इंचाची गोळी घालतात. उरलेली फट तेलकट कापडाची चकती भरून काढते. शिसे शुद्ध व मऊ असावे. कठीण मिश्रधातू निवताना कमी आकसतो. त्यामुळे त्याच साच्यातून गोळी थोडी मोठी उतरते व ठासताना अडते.

एवढी चिकित्सा कशासाठी? एकनळी बंदुकीत बार एकच. तो नेमका लागला नाही, तर दुसरा ठासेपर्यंत घायाळ हरीण रानात नाहीसे होते आणि तळमळत मरते. म्हणून साच्याची परीक्षा आधी कागदाच्या निशाणावर व्हावी. तेथे गोळ्या विखुरत असतील, तर बंदूक खुंटीलाच राहिलेली बरी.