घाणीतला गॅस आणि माणसाचा मान

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी धम्मावर विद्वत्तापूर्ण विचार मांडले. मी खरकट्यावर आणि मैल्यावर बोलणार आहे. कुणी नाक मुरडू नये. थेरगाथेतले सुनीत थेर आधी झाडलोटीचं काम करीत; भगवंतांनी त्यांना संघात घेतलं. तेव्हा हा विषय विहारात परका नाही.

खरकटं हवाबंद टाकीत कुजवलं की सूक्ष्म जंतू त्याचा गॅस करतात. त्यात निम्म्याहून जास्त मिथेन, म्हणजे जळणारा वायू. एक टन खरकट्यातून साधारण १०० घनमीटर गॅस निघतो. घरच्या तीन सिलिंडरांइतकं जळण झालं. पण नुसतं खरकटं कोंबलं तर टाकी आंबते आणि गॅस करणारे जंतू मरतात. मैल्याच्या गाळातून गॅस कमी निघतो, पण तो आंबटपणा आवरतो. म्हणून दोघांची जोडी जमते. नाशिक महापालिकेने २०१७ साली हॉटेलांचं खरकटं आणि सार्वजनिक संडासांचा मैला एकत्र कुजवून वीज करणारा प्रकल्प सुरू केला. उरलेल्या गाळाचं खत होतं; मात्र त्यातले रोगजंतू मारल्याशिवाय ते शेतात टाकू नये.

हे झालं शास्त्र. पण बंधूंनो, हाच गॅस गटारातही आपोआप तयार होतो. सोबतीला सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. तो फार वाढला की नाकाला वासच कळेनासा होतो आणि उतरलेला माणूस कोसळतो. त्याला काढायला गेलेला दुसराही जातो. मॅनहोलात कोण उतरतं, कुठल्या वस्तीतून येतं, हे या सभेला सांगायची गरज नाही. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. २०२३ साली सुप्रीम कोर्टाने मृताच्या कुटुंबाला ३० लाख रुपये द्यायला सांगितलं. तरी मरणं थांबली नाहीत.

म्हणून अशा प्रकल्पाची फीत कापली जाते तेव्हा टाळ्या नंतर वाजवा, आधी विचारा: मैला पंपाने उपसणार की माणसाकडून? टाकीत साचलेला गाळ कोण काढणार? खरकट्यातली काच आणि प्लास्टिक आमच्या मावश्या उघड्या हाताने वेचणार का? कामगार कायम की ठेकेदाराचा? गिरणीत चालत्या मशीनमध्ये हात घालू नये, हा पहिला नियम. मग विषारी टाकीत अख्खा माणूस कसा घालता? याचं उत्तर नसेल तर तो प्रकल्प नव्हे, मोठं मॅनहोल आहे!

सुरुवात आपणच करू. यंदाच्या बुद्धपौर्णिमेच्या भोजनदानात खरकट्याचं पिंप वेगळं, पत्रावळी-ग्लासांचं वेगळं. आपली घाण आपण निवडली, तर दुसऱ्याच्या माथी ती मारली जाणार नाही. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जय भीम!